वरचा झिरा, खालचा झिरा

झिऱ्याच्या तळाशी वाळू उकळत होती. उकळत्या पाण्यात बुडबुडे असतात, इथं एकही नव्हता. सुपाएवढा खड्डा, त्यात वीतभर पाणी, आणि तळाच्या मधोमध रुपयाएवढ्या जागेत वाळूचे कण उसळत होते, कलंडत होते, पुन्हा खाली बसत होते. काळे जड कण बाजूला सरकून त्यांचं एक कडं झालं होतं. मधे नाचत होते ते पांढरे, हलके. वच्छलानं करंगळी त्या जागेवर धरली. खालून कुणी हळूच फुंकर घालावी तसं पाणी बोटाला लागलं. गार होतं.

"आई, ऊन चढलं. किती वेळ बघशील?" मागून धम्मदीपा म्हणाली.

"बोलू नको. हे जिवंत हाय."

लेक हसली आणि तिच्याशेजारी उकिडवी बसली. धम्मदीपा वाशीमच्या कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवते. सुट्टी लागली तशी शेलूबाजारहून जीपनं ती पिंपळदऱ्याला आली होती, पाठीवर एक पिशवी आणि पिशवीत जाड काचेची एक बाटली घेऊन.

एप्रिल सरत आला होता. शिमगा झाला की बोरडी नदीचं वरचं पाणी आटतं. पात्रात उरते वाळू, गोटे आणि गुरांच्या पायवाटा. पण वाळू हातभर उकरली की पाणी लागतं, आणि त्या खड्ड्याला म्हणायचं झिरा. गावचे झिरे दोन. वरचा गावाच्या घाटापाशी. खालचा नदी वाहते त्या अंगाला, भीमनगरच्या समोर. पाणी वरून येतं, म्हणून आधी गावानं भरायचं आणि उरलंसुरलं खालच्यांनी, असा जुन्या लोकांचा न्याय होता. पुढं टाकी आली, घरोघर नळ आले, झिऱ्यांचं काम संपलं. तरी दर उन्हाळ्यात झिरे खणले जात ते दोनच, आणि आपापल्या जागी. का, हे कुणी कुणाला विचारत नव्हतं.

या वर्षी मात्र नदीबद्दल सगळेच विचारत होते. गावाच्या खाली दोन टेकड्या जवळ येतात, तिथं धरण बांधायचा बेत होता. धरणाच्या पोटात वरच्या आळीची काठची जमीन जाणार होती. तिच्यात उकंडरावचा संत्र्याचा बगीचाही होता. धरणाच्या भिंतीखालच्या कोरडवाहू वावरांना कालवा मिळणार होता, आणि त्यांत वच्छलाचे तीन एकर होते. नकाशावरची निळी रेघ तिच्या वावराच्या धुऱ्याला चाटून गेली होती. भीमनगरातल्या माणसानं स्वतःच्या नावावर केलेलं ते पहिलं वावर. तिच्या सासऱ्यानं घेतलं, नवऱ्यानं दगड वेचून वेचून त्याची माती केली, आणि दोघंही पावसाकडे डोळे लावूनच गेले. एकदा तरी या वावरात गहू उभा राहिलेला बघायचा, एवढी एकच हाव वच्छलानं आयुष्यभर जपली होती.

महाराष्ट्र दिनाच्या ग्रामसभेत धरणावर ठराव व्हायचा होता. वरची आळी नको म्हणणार, खालच्या वावरांची मंडळी हवं म्हणणार. पारडं झुकणार ते भीमनगरच्या हातांनी. आणि भीमनगर बघत होतं वच्छलाकडे. महिला मंडळाची ती अध्यक्ष, विहाराचं बांधकाम तिनं पुढं होऊन करून घेतलेलं, आणि कालवा सगळ्यांत आधी मिळणार तोही तिलाच. ती जिकडे, तिकडे सगळे. ती वर्षभर गप्प होती.

गप्प राहायला कारण होतं. उकंडरावनं नदी वाचवायला समिती काढली, तेव्हा पहिली सभा घाटावर घेतली. भल्या मनानं घेतली, पण सुरुवात केली ती नदीची ओटी भरून, आरती करून आणि हातात पाणी घेऊन नदीमातेची शपथ द्यायला लावून. भीमनगरची माणसं आली होती. आरती सुरू झाली तशी ती कडेला सरली, शपथेची वेळ आली तशी माघारी वळली. ती ओटी भरत नाहीत, देवाची शपथ घेत नाहीत, हे उकंडरावला जन्मापासून ठाऊक होतं. पण ठाऊक असणं वेगळं आणि ध्यानात येणं वेगळं. तो मागं धावत आला होता.

"वच्छलाबाई, रागावू नका. नदी आपल्या साऱ्याची हाय ना?"

"कोणाची नदी, उकंडभाऊ?" तिनं एवढंच विचारलं होतं. "वरच्या झिऱ्याची का खालच्या?"

त्यानंतर त्यानं पुन्हा विचारलं नाही आणि तीही बोलली नाही.

*

भीमनगरच्या मागं, जरा चढावर, जुनी विहीर आहे. आता तिचं पाणी कुणी भरत नाही, पण ती आटल्याचं कुणाच्या ऐकिवात नाही. धम्मदीपा त्या विहिरीशी थांबली, तेव्हा बघायला अर्धं भीमनगर जमलं होतं. वच्छलाचा पुतण्या रवी सगळ्यांत पुढं. रवी गावच्या टाकीचा वॉल्व सोडतो आणि धरण व्हायलाच पाहिजे असं उघड म्हणतो.

"ताई, हे काय गुलाल आणला का वं? निवडणूक तं झाली."

बाटलीत केशरी भुकटी होती. "रंग आहे," धम्मदीपा म्हणाली. "पाण्यात पडला की हिरवा होतो. जमिनीखालून पाणी कुठं जातं ते शोधायला हाच वापरतात. पोटात गेला तरी काही होत नाही."

"जाते कुठं म्हंजे? खाली जाते. खालच्या झिऱ्यात. लेकराले विचार."

"मलाही तसंच वाटतं. पण वाटून काय उपयोग, दिसलं पाहिजे. धरणाच्या अहवालात लिहिलंय की उन्हाळ्यात या नदीला प्रवाह नाही. वर नाही, हे खरं. खाली आहे की नाही, ते कुणी बघितलेलं नाही."

"म्हंजे तू समितीवाल्याइकडून."

"मी कुणाकडून नाही, रवीदादा. मी नुसती बघते."

"मोठी बघणारी! आन मायच्या वावराचा कालवा गेला मंग?"

धम्मदीपानं आईकडे बघितलं. वच्छला विहिरीत बघत होती.

विहीर तिच्या सासूच्या पिढीनं खणली होती. पावसाळ्यात नदी गढूळ झाली की जुन्या काळी गावच्या विहिरीवर जाऊन उभं राहावं लागे. कुणाला दया आली की वरून ओतणार, नाही आली की घागर रिकामी घेऊन परत. छप्पनची दीक्षा घेऊन माणसं नागपूरहून आली आणि म्हणाली, आता पाण्यासाठी कुणाच्या तोंडाकडे बघायचं नाही. बाया-माणसांनी चढावर पहार घातली. सासू, भागिरथा, पोटुशी असून दगड फोडत होती. पाणी लागलं तेव्हा कुणाला ओरडायचंही सुचलं नाही म्हणे. सगळे घोट्याएवढ्या पाण्यात नुसते उभे राहिले.

धम्मदीपानं बाटली उपडी केली. केशरी धूळ पाण्यावर बसली, क्षणभर तशीच राहिली, मग तिला हिरवे पाय फुटले. झुरमुळ्यांसारखे ते खाली उतरत गेले. बघता बघता सबंध विहीर पोपटी झाली, आणि वरून ऊन पडलं तसं पाणी आतून दिवा लावल्यासारखं उजळलं.

"बाप्पा!" मागून कुणीतरी म्हणालं. रवीसुद्धा काठावरून वाकून बघू लागला.

*

त्यानंतर सगळ्यांनी खालच्या झिऱ्यावर डोळे लावले. बायका आळीपाळीनं तिथं बसत. कुणी गोधडी शिवत होतं, कुणी तूर निवडत होतं, आणि मधूनमधून पाण्यात डोकावत होतं. पाणी होतं तसंच, काचेसारखं. दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवशी धम्मदीपाच्या कपाळावर आठी आली. चमच्यानं पाणी काढून ती उन्हात धरी, मान हलवी आणि पुन्हा बसे.

"गेला कुठं तुहा पोपट?" रवीनं येता-जाता विचारलं.

"माहीत नाही," ती म्हणाली. तिला न येणारं उत्तर ती कधी येतं म्हणून सांगत नसे. लेकीचा हा गुण वच्छलाला फार आवडे.

ग्रामसभेच्या आदल्या दिवशी, दुपार जरा कलली असेल, वरच्या घाटाकडून हाक आली. हाक कसली, किंकाळीच.

"अवो, कोणी या वो! नदीले काय झालं पाहा!"

आवाज मनकर्णाबाईचा. उकंडरावची आई, ऐंशीच्या पुढची, पाठीतून वाकलेली, पण जिभेनं ताठ. ती रोज दुपारी स्वतः वरच्या झिऱ्यावर येऊन कळशी भरे. नळाचं पाणी तिनं आजवर तोंडात घेतलं नव्हतं. मचूळ लागतं म्हणे. ते मचूळ का लागतं, हे गाव जाणून होतं. "आजीले माह्या हाताची चव लागते," रवी म्हणायचा आणि हसायचा, पण त्या हसण्याला धार असायची.

सगळे धावले. खालच्या झिऱ्यावरून वच्छला आणि धम्मदीपा वाळूतून, भीमनगरातून पोरंसोरं, बगीच्यातून उकंडराव. घाटाखाली मनकर्णाबाई कळशी धरून उभी होती आणि तिच्या पायाशी झिरा जळत होता.

दुसरा शब्द वच्छलाला सुचला नाही. हिरवा जाळ. उन्हाची तिरीप झिऱ्यात शिरली होती आणि पाणी ती गिळून उलट फेकत होतं. तळाशी वाळू उसळत होती, खालच्या झिऱ्यात उसळायची तशीच, आणि त्या रुपयाएवढ्या जागेतून हिरव्याची एक बारीक दोरी वर येत होती. न तुटता येत होती. जमिनीच्या आत कुणीतरी सूत काततंय आणि सोडतंय, असं वाटत होतं.

धम्मदीपा गुडघ्यांवर बसली. चमच्यात पाणी घेऊन तिनं ते उन्हात धरलं.

"हे उलटं आहे," ती पुटपुटली. "आई, हे उलटं आहे."

"उलटं म्हंजे?" उकंडराव म्हणाला. "कोणतं पाणी हे, पोरी?"

"आमच्या विहिरीचं, काका."

"तुमची विहीर तं खाली हाय."

"नदीच्या हिशेबानं खाली. जमिनीच्या पोटाला तो हिशेब माहीत नाही. विहीर चढावर आहे. पाणी तिथून भीमनगरच्या खालून निघतं, तुमच्या बगीच्याखालून जातं आणि इथं वर येतं."

मनकर्णाबाईनं कळशी वाळूत टेकवली. "थांब वं. कधीपासून येते?"

"नेहमीच येत असणार, आजी. आज रंग होता म्हणून दिसलं."

"म्हंजे मी..." म्हातारी थांबली. तिच्या तोंडावर काय होतं ते वच्छलाला वाचता येईना. राग नव्हता, शरमही नव्हती. रानात चालताना समोर एकाएकी कडा लागावा, तसं काहीतरी होतं. "म्हंजे लगन होऊन या गावात आली तवापासून मी वच्छलाच्याच विहिरीचं पिऊन राह्यली?"

"व्हय आजी," रवी मागून म्हणाला. "आन माह्या नळाले मचूळ म्हणता."

कुणीतरी फिसकन हसलं. उकंडरावनं मान खाली घातली. पण मनकर्णाबाई हसली नाही आणि चिडलीही नाही. ती पाण्यात बघत राहिली. मग म्हणाली, "गोड हाय पण. जन्मभर गोड लागलं. खोटं कायले बोलू?"

मग तिला आठवलं की कळशी रिकामीच आहे. हिरवं पाणी भरायचा तिला धीर होईना. नळ तर तिच्या खिजगणतीतच नव्हता. तिनं कळशी कमरेवर घेतली आणि वाळूतून खालच्या अंगाला चालू लागली. उकंडराव "माय, कुठं चालली?" म्हणत मागं आला, तिनं हातानंच त्याला गप्प केलं. खालच्या झिऱ्याशी पोहोचून ती उभी राहिली. वच्छलाही आली. झिऱ्याच्या काठावर पाणी उपसायची वाटी ठेवलेली होती. मनकर्णाबाईनं ती उचलली नाही. कळशी पुढं केली आणि वाट बघत थांबली. कुणीतरी ओतेल म्हणून.

तिच्या पिढीला दुसरं येतच नव्हतं. दुसऱ्याच्या पाण्याशी जायचं तर मधे कुणीतरी ओतणारं हवं. आजवर ती ओतणाऱ्यांतली होती, आज समोरच्या बाजूला उभी होती.

वच्छलाच्या मनात भागिरथा उभी राहिली, रिकामी घागर घेऊन. ओतावं का? दोन फूट वरून, धार धरून, हात न लावता? मनात आलं, नाही असं नाही. मग तिनं वाटी उचलून म्हातारीच्या हातात दिली.

"तुमच्या हातानं घ्या, मनकर्णामाय. इथं कोणी कोणाले ओतत नाही."

म्हातारी पाठीच्या कण्याला धरत खाली बसली. वाटी पाण्यात बुडवताना तिची बोटंही बुडाली. बोटं तिनं तशीच थोडा वेळ पाण्यात ठेवली.

"हेही गारच हाय," ती म्हणाली.

"उद्या-परवा इथंही हिरवं येईल," धम्मदीपा म्हणाली. "फिकट. वरच्या झिऱ्यातून वाळूखालून इथं यायला थोडा वेळ लागतो."

वच्छलानं चमकून तिच्याकडे बघितलं. "म्हंजे आमच्याकडून त्याइच्याकडे, आन त्याइच्याकडून आमच्याकडे?"

"हो. आणि इथून पुढं, टेकड्यांच्या फटीतून, खालच्या गावांच्या विहिरींना."

*

संध्याकाळी वच्छला एकटीच विहिरीकडे निघाली. धम्मदीपा मागं आली, तिच्यामागं रवी, मग आणखी काही जण. हाक कुणी दिली नव्हती.

"आत काय हाय ते सांग मले," वच्छला म्हणाली. "लेकरांले सांगते तसं."

धम्मदीपानं विहिरीच्या भिंतीकडे बोट दाखवलं. काळ्या पाषाणाच्या मधे, पाण्यात अर्धा बुडालेला, गोट्यांचा एक पट्टा होता. गुळगुळीत, गोल, मुठीएवढे गोटे, एकमेकांत दाटलेले.

"दगड असे गोल कधी होतात?"

"नदीत," रवी म्हणाला आणि स्वतःच दचकला.

"ही बोरडीच आहे. तिची जुनी वाट. फार फार पूर्वी ती इथून वाहायची. मग वर कुठंतरी दरड पडली असेल, नाहीतर मोठा पूर आला असेल, आणि तिनं वळण बदललं. जुनं पात्र गाळानं बुजलं. वर माती बसली, झाडं आली, शेवटी माणसं आली. पण गोट्यांमधल्या फटी बुजल्या नाहीत. थोडं पाणी अजून जुन्या वाटेनंच जातं."

"किती जुनी वाट?"

"माणूस इथं यायच्या आधीची. गाव नव्हतं, वाडा नव्हता, वरचं-खालचं नव्हतं. तेव्हाचं पाणी आजीच्या कळशीत येतंय."

वच्छलानं चपला काढल्या. देवळापुढं काढतात तशा नव्हे, पायाला काही कळतं का बघायला. आणि ती विहिरीकडून नदीकडे चालू लागली.

भीमनगरची गल्ली उतरणीची. तिच्या चुलीची भिंत, विहाराची पायरी, रवीच्या घरापुढचा ओटा. विहारापाशी ती थांबली. दारात मोठं कडूलिंब होतं. एप्रिलमध्ये सगळ्या झाडांची पानं धुळीनं म्लान झालेली, याची मात्र टवटवीत. यावर कुणी कधी विचार केला नव्हता. झाड हिरवं, चांगलं आहे, सावली पडते, एवढंच. तिनं पुढं बघितलं. उकंडरावच्या बगीच्याच्या कुंपणात एक उंबर उभं होतं, तेही तसंच हिरवंगार. त्याच्या पलीकडे घाटावर करंज.

"दीपा," ती हळूच म्हणाली. "पाह्य. कडूलिंब, उंबर, करंज."

धम्मदीपानं बघितलं. तिन्ही झाडं एका रेषेत होती, किंचित वाकलेल्या, नदीसारख्या रेषेत. दोन्ही बाजूंना रान करपलेलं आणि मधून ही हिरवी ओळ, विहिरीपासून घाटापर्यंत. आजवर सगळ्यांच्या डोळ्यांपुढं ती ओळ होती आणि एकालाही दिसली नव्हती. धम्मदीपानं आईचा हात धरला.

कुंपणाशी उकंडराव उभा होता. या बगीच्यात वच्छला आली होती ती मजुरीनं, खुरपं घेऊन, मागच्या फाटकातून. त्यानं समोरचं फाटक उघडलं.

"या," तो म्हणाला.

ते सगळे झाडांखालून चालत गेले. पायाखाली नदी चालली होती. तिचा आवाज नव्हता, ओल नव्हती, कसलीच खूण नव्हती. तरी एखादं लेकरू निजलेल्या घरातून जावं तशी सगळी माणसं पाय हलके टाकत होती, आणि आपण तसे टाकतोय हे कुणाच्या ध्यानात नव्हतं. उंबराखाली उकंडराव म्हणाला, "वच्छलाबाई, त्या दिवशी तुमी विचारलं होतं, कोणाची नदी. मले वर्षभर उत्तर आलं नाही."

"मले तरी कुठं आलतं?" ती म्हणाली.

"आता?"

वच्छलानं मान वळवली. कुंपणापलीकडे, टेकड्यांच्या फटीतून, तिच्या वावराचा तुकडा दिसत होता. संध्याकाळच्या उजेडात तो भाजलेल्या भाकरीसारखा दिसत होता. गहू असा उजेडात कसा दिसेल, हे तिला डोळे मिटूनही सांगता आलं असतं.

*

ग्रामसभा शाळेच्या व्हरांड्यात भरली. झेंडावंदनाचा चुना अजून पटांगणात ओला होता. खात्याकडून एक तरुण अभियंता आला होता, घामानं भिजलेला आणि नम्र. नकाशा भिंतीला लावून त्यानं सगळं नीट समजावून सांगितलं. बुडीत किती, कालवा कुठून, कुणाला काय. मग बोलणी सुरू झाली. वरच्या आळीतला एकजण म्हणाला नदी आई आहे, खालच्यांतला एकजण म्हणाला आई आहे तर लेकरांना पाणी पाजू दे. हशा झाला. रवी उठला.

"काल मीही पाह्यलं," तो म्हणाला. "डोळ्यानं पाह्यलं, नाई म्हणत नाही. पण पाहून पोट भरत नाही. काकूनं जन्म कोरडवाहूत काढला. आता कालवा येऊन राह्यला तं आमालेच नदी दाखवून राह्यले. आधी काहून नाई दाखवली?"

रवीचं खोटं नव्हतं, आणि ते खोटं नाही हे वरच्या आळीलाही कळत होतं. बायकांच्या बाजूला, खांबाला टेकून मनकर्णाबाई बसली होती. तिच्या शेजारी जागा होती म्हणून वच्छला तिथं बसली होती.

वच्छलानं बसल्या जागेवरून विचारलं, "साहेब, भिंत बांधता तवा खाली काय करता?"

"खाली म्हणजे, मावशी?"

"भिंतीच्या पायात. जमिनीत."

"खंदक खोदतो. पक्का खडक लागेपर्यंत. त्यात काळी माती भरून दाबतो."

"कायले?"

"खालून पाणी झिरपू नये म्हणून."

"थोडंही?"

अभियंता प्रामाणिक होता. "झिरपू नये असंच बांधावं लागतं," तो म्हणाला. "नाहीतर भिंत टिकत नाही."

"आन मागं पाणी साचल्यावर झिरे?"

"झिरे... ते तर खूप खाली जातील. तळाशी."

वच्छलानं मान हलवली. धम्मदीपा मागच्या ओळीत होती. तिनं आईकडे बघायचं टाळलं. आपल्या बघण्याचं ओझं आईवर पडू नये, असं तिला वाटलं असावं.

सरपंचानं घसा साफ केला. "भीमनगरचं मत अजून आलं नाही. वच्छलाबाई, वर्षभर झालं. बोला बाप्पा आता काहीतरी."

सगळी डोकी वळली. वच्छला उठली. पदर सावरला, खांबाला एक हात टेकवला. तिला वाटलं होतं छाती धडधडेल, पण आत नुसतं गार होतं, करंगळीला लागलं होतं तसं.

"रवी म्हणते ते खरं हाय," ती म्हणाली. "मले गहू पायजे होता. आजही पायजे. तुमच्यापैकी कोणी माह्या वावराले पाणी आणून देणार नाही, हेही मले ठाऊक हाय. आन मी घाटावर आरतीले येणार नाही, शपथ घेणार नाही. ते मनात ठेवू नका." ती थांबली. "मी समजत होती नदी तुमची, तिचं उरलेलं आमचं. ते तसं नाही. ती आमच्या चुलीखालून निघते. माह्या सासूनं ती पहारीनं उघडली, तिलेही माहीत नव्हतं कोण सापडलं ते. एवढ्या जुन्या पाण्याच्या वाटेत मी माती दाबू देणार नाही. सरपंच, लिहून घ्या. भीमनगर धरणाले नाही म्हणते."